उत्तम झालेलं लोणचं

हिमेजी, २० जानेवारी

ती. फुसाएताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी घाबरले. मुळ्याचं लोणचं उत्तम झालंय, रोज भाताशी खातेस, असं लिहिलंस! उभ्या जन्मात तू माझ्या हातचं काही चांगलं म्हटलेलं नाहीस. लग्नात माझ्या किमोनोलासुद्धा नावं ठेवली होतीस.

खरं सांगते, यंदा माझ्या हातून मीठ दोनदा पडलं. पार्सल गेल्यावर कळलं. ह्यांनी एक फोड खाल्ली आणि शेजारच्या कुत्र्यालाही घालू नकोस म्हणाले. मी तुझ्या शिव्यांची वाट बघत होते. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून तू बरी आहेस ना? फोन उचलत नाहीस. लोभ असो, खोटं कौतुक नको.

तुझी,
मित्सुयो

मात्सुए, २५ जानेवारी

चि. सौ. मित्सुयोस,
अ. उ. आ.

लहानपणापासून तुझं नाक दुसऱ्याच्या भांड्यात! चव पानगळीतच गेली. भात काय, कागद काय, सारखंच. केस कंगव्यात येतात, नखं सुटतात, तळहात काळवंडलेत, पोट सारखं वाहतं. मला कळायचं ते कळलं. तो परत आलाय. पुन्हा पोट फाडून घ्यायचं नाही, म्हणून तपासणीला गेलेच नाही. लोणचं तू पाठवलंस म्हणून खाते. कुणाला सांगू नकोस.

तुझी ताई

हिमेजी, २८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला सांगितलंस म्हणजे गावाला सांगितलंस. तुझ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, शनिवारी येते. झोप उडाली आहे माझी. तो परत आला असेल तर दोघी मिळून ऐकू. तू एकटीने ठरवायचं नाही.

मित्सुयो

मात्सुए, २ मे

चि. सौ. मित्सुयोस,
अ. उ. आ.

तू गेल्यापासून घरात शांतता आहे, करमत नाही. परवा पुन्हा दुर्बीण घातली. पोटात, आतड्यात पॉलिपच्या गाठी अजून आहेत, पण कमी झालेत, आणि त्यांत कॅन्सर नाही. चव, केस, नखं सगळं नेलं त्या दुर्मिळ दुखण्याने, त्याच्या नावात दोन परदेशी डॉक्टर आहेत, माझ्या जिभेला काही ते वळत नाहीत. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. पुढे त्यातूनच कॅन्सर होऊ शकतो म्हणे, म्हणून तपासत राहायचं. धाकधूक आहेच. नखं मात्र मुळाशी नवी फुटलीत.

काल तुझी बरणी काढली. एक फोड तोंडात टाकली आणि थुंकले. अगं, लोणचं घातलंस की मिठागरात मुळा पुरलास? मग तिथेच ओट्याशी बसून पोटभर रडले.

असलं पुन्हा पाठवलंस तर दारातून परत करीन. पुढच्या हिवाळ्यात इथे ये, माझ्यासमोर घाल. लोभ सढळ हाताने करावा, मीठ नाही.

तुझी ताई