टॉवेलखाली वाळणाऱ्या चड्ड्या

ताई,

तुझी लेक माझ्याकडे शिकायला आल्यापासून चड्ड्या टॉवेलखाली लपवून वाळत घालते. काल ओरडले, "उन्हात घाल की गं!" तर रडायलाच लागली. "मावशी, अंगावरून पांढरं जातं. मला काहीतरी मोठं झालंय. आईला सांगू नकोस, तुला शपथ." म्हणून हे पत्र धाडायचं नाही.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्यासारखं नाहीतर पांढरट जातं, घाण वास नाही, खाज नाही, तर घाबरायचं नाही. महिनाभरात ते कमीजास्त होतं. पण हिरवंपिवळं, घाण वासाचं, नाहीतर दह्यासारखं जायला लागलं, खाज सुटली, आग झाली, तर लगेच यायचं. पोरगी हसली. अगदी तुझं हसू.

मग बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला काही त्रास?"

"मला कसला?" म्हटलं. धडधडीत खोटं. मला तसलंच दह्यासारखं जातंय, खाजेनं जीव नकोसा झालाय. एका पांघरुणात झोपायचो तेव्हा असलं सगळं तुझ्या कानात सांगायचे. आता तू इतकी लांब.

शेवटी मघाशी तुझ्या लेकीलाच सांगितलं. म्हणाली, "उद्या मी येते सोबत. आईला नाही सांगत, शपथ."

पण ताई, तुला कळावं असं फार वाटतं गं.

तुझ्याच पांघरुणातली,
धाकटी