पुढची काच

४ नोव्हेंबर, सोमवार

काच गेलीच म्हणायची. हिचं कपाळ जिथे आपटलं तिथे कोळ्याचं जाळं, आणि त्यातून एक रेघ आज थेट वायपरपर्यंत उतरली. कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला, हिने पट्टा लावलेला नव्हता. एवढंच घडलं. टाके निघाले परवा. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

५ नोव्हेंबर

लेकीचे दिवस भरत आलेत. रविवारी तिच्याकडे निघायचं ठरलंय. आणि ही म्हणते, "मी बसने जाते. तुम्ही या मागून गाडी घेऊन." दोन ठिकाणी बस बदलायची, गुडघा हा असा कुरकुरता — पण माझ्या गाडीत बसणार नाही! लग्न झाल्यापासून शेजारी बसत आली, तेव्हा नाही काही वाटलं. राग आला. जेवताना अबोला धरला. तिने भाजी वाढली, लेकीला फोन लावला, आणि माझा अबोला वाया गेला.

धास्ती घेतलीय काचेची, दुसरं काय! तडा समोर दिसला की आठवणारच. नवी काच बसली की ही पण बसेल.

६ नोव्हेंबर

गाडीवर ताडपत्री टाकली. तिला दिसायलाच नको.

७ नोव्हेंबर

काचवाल्याकडे गेलो. गाडी बघून आधी हसून घेतलं त्याने. "काका, ही अजून चालते?" म्हटलं, चालते की नाही ते माझ्यावर सोड, तू काचेचं बोल. कंपनीने या गाडीची काच बनवणं केव्हाच बंद केलंय. दुसऱ्या कारखान्याची नवी मिळते, वर हिरवट पट्टा असलेली — पण यायला आठवडा. नाहीतर भंगारातली मूळ काच. आठवडा म्हणजे रविवार हुकला. भंगार तर भंगार.

"वायपरचे ओरखडे बघून घ्या," म्हणाला. "समोरून दिवे आले की सगळं पांढरं होतं. आणि माप नीट घ्या."

माप! मला शिकवतो! उभा जन्म नकाशे काढण्यात गेला.

८ नोव्हेंबर

फजिती. भंगारवाल्याकडे काचा ओळीने उभ्या होत्या. एक अगदी स्वच्छ मिळाली. टेप लावली — जुनीइतकीच, तंतोतंत. टेम्पोत घालून काचवाल्याकडे नेली. त्याने चौकटीला लावून पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. चांगली चार बोटं आखूड!

"काका, जुनीचं माप घेतलं कसं?"

आत बसून, टेप ताणून. बॉनेट तापलं होतं, त्यावर कोण वाकणार?

"आणि हिचं?"

बाहेरून. पोटावरून टेप फिरवून. — बोलता बोलताच कळलं. बाकदार काच एकदा सरळ मोजली, एकदा वळणाने, आणि आकडे जुळले म्हणून खूश झालो. ही तर आधीच्या बनावटीच्या गाडीची निघाली.

घरी सांगितलं. "नकाशे काढायचात ना तुम्ही?" म्हणून ही पोट धरून हसली. हसताना जखम ओढली गेली, तसा कपाळावर हात ठेवला. मग मीही हसायचं थांबलो.

९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळीच भंगारवाल्याकडून काच बदलून आणली. या वेळी काचवाला सोबत आला, टेप त्याच्या हातात.

बसवायची पद्धत मजेशीर आहे. काचेच्या कडेला रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी भरायची, वर साबणाचं पाणी. एकाने बाहेरून तळव्यांनी दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. दोरी सुटत जाते तसा रबराचा काठ चौकटीवर चढतो. त्याचा जोडीदार आज आला नव्हता. "काका, आत बसा." बसलो — हिच्या जागेवर. एवढ्या वर्षांत या बाजूला कधी बसलोच नव्हतो. धरायला काही नाही, पायाशी ब्रेक नाही. नुसतं समोर बघत राहायचं.

"ओढा काका! हळू! हिसका नको!"

ओढली. शेवटचा कोपरा बसला. पाणी ओतून पाहिलं, थेंबही आत आला नाही.

संध्याकाळी हिला दाखवली. फेरी मारली तिने, कोपऱ्यावर नख फिरवलं. "छान बसलीय." मग उद्या गाडीनेच ना? "बघू."

आमच्या घरात बघू म्हणजे नाही. वाईट वाटलं. लपवत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

ही बॅग घेऊन खाली आली ती सरळ गाडीपाशी! मी तिच्या बाजूचं दार उघडून धरलं. तिने वळसा घातला, माझ्या दारातून आत शिरली, सीट पुढे ओढली, आरसा फिरवला.

"परवाना माझाही आहे. काचेला कोण भितंय? तुमच्या शेजारी बसायची भीती वाटते मला. दोनदा ओरडले होते मी — कुत्रं, कुत्रं! — तेव्हा कुठे ब्रेक दाबलात. द्या ती किल्ली."

दिली.