मिठाच्या पाण्यात अंबर

प्रिय उर्जा,

मी सुखरूप पोचलो. घरात शिरलो तेव्हा तुझी आई बाल्कनीतल्या कुंड्यांची माती बदलत होती. तिने मागे न बघता विचारलं, "एकटेच आलात ना?" मी हो म्हणालो. "बरं झालं," म्हणाली आणि हात धुवायला गेली. त्यानंतर तिने चहा केला आणि आठ दिवसांचं सगळं सविस्तर सांगायला लावलं. तू बारीक झाली आहेस का, हे तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी नाही म्हणालो.

हे मराठीत लिहितो आहे. तुला वाचायला वेळ लागेल, लागू दे. मी जर्मनमध्ये पत्र लिहायला बसलो की ते आम्टला, सरकारी कचेरीला, केलेल्या अर्जासारखं होतं. कागद स्कॅन करून पाठवतो, कारण तुला ते शनिवारच्या आत मिळायला हवेत. का, ते शेवटी सांगतो.

मी तुला परत आणायला आलो होतो. तू ते विमानतळावरच ओळखलंस, कारण तू माझी बॅग उचललीस आणि पहिलं वाक्य म्हणालीस ते जर्मनमध्ये, आधी जेवू या. तिसऱ्या वर्षात पीएचडी सोडून तू जर्मनीतून तिकडे कॅरिबियनमध्ये सांतो दोमिंगोला गेलीस त्याला चौदा महिने झाले. प्रोफेसरांनी तुझी जागा जूनअखेरपर्यंत राखून ठेवली आहे. ते तुला सांगायचं आणि तुझा होकार घेऊन यायचं, एवढंच काम होतं. निघताना आई म्हणाली होती, "अहो, आणायला जाऊ नका, बघायला जा." मी म्हणालो, दोन्ही करेन.

माझी यादी तू पाहिली होतीस. अकरा संग्रहालयं, चालण्याच्या क्रमाने, मधली अंतरं मीटरमध्ये. तू हसली नाहीस, याबद्दल आभार. पहिला दिवस सोमवार होता. तू काम करतेस त्या अंबरच्या संग्रहालयाच्या काचा पुसायला गेलीस आणि मी क्रमांक एकच्या दारात उभा राहिलो. बंद. क्रमांक दोनही बंद. तिसऱ्या दाराशी खुर्चीत बसलेल्या पहारेकऱ्याने माझी यादी हातात घेऊन पूर्ण वाचली आणि प्रत्येक नावापुढे मान हलवली. एकतीस वर्षं कारखान्यातल्या प्रत्येक संयंत्राच्या बंद-चालूचं वेळापत्रक मी आखलं, आणि संग्रहालयं सोमवारी बंद असतात हे तपासलं नाही.

म्हणून नुसता चाललो. त्या जुन्या दगडी रस्त्यावर, जिथे राजघराण्यातल्या बायका संध्याकाळी फिरायच्या असं तू सांगितलंस, एक सूर्यघड्याळ आहे. मी माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं. चाळीस मिनिटं मागे. आधी वाटलं, दगड कलला असेल. मग कठड्यावर बसून हिशेब केला. शहर सत्तर अंश पश्चिमेला, घड्याळाची वेळ साठ अंशांची. दहा अंशांची चाळीस मिनिटं. बरोबर जुळलं. मला इतका आनंद झाला की शेजारी नारळ विकणाऱ्या बाईला मी ते हातवारे करून समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला नारळ दिला.

मंगळवारपासून दारं उघडली. जुन्या सरकारी वाड्यात एक औषधालय मांडून ठेवलं आहे. तिथल्या बरण्यांसमोर मी तासभर होतो. काहींवरची नावं मी ओळखली, गंधक, कापूर, पारा. पारा कशासाठी देत असतील याचा विचार करत राहिलो. किल्ल्याच्या बुरुजावरून नदी पाहिली. एका खोलीत उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या बेड्या होत्या. त्यांत एक जोड लहान मापाचा होता. मी दोनदा वाकून पाहिलं, मग तिसऱ्यांदा पाहिलं नाही. रोज संध्याकाळी तू विचारायचीस, आज काय पाहिलं, आणि मी सांगत सुटायचो. तुझं "गेनाऊ, गेनाऊ", ते जर्मन "बरोबर, बरोबर", ऐकत मी भात संपवायचो. जूनची गोष्ट तोंडापर्यंत यायची. उद्या बोलू, असं म्हणायचो.

तुमचं संग्रहालय मी मुद्दाम शेवटचं ठेवलं होतं. शुक्रवारी अकरा वाजता आलो. तू मला पाहिलं नाहीस. वीसेक माणसं होती, बरीचशी जर्मन, किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून एका दिवसासाठी बसने आलेली. तू जर्मनमध्ये बोलत होतीस. पाण्याने भरलेलं काचेचं भांडं, त्यात मूठमूठ मीठ. तू एक पिवळा मणी टाकलास, तो बुडाला, तळाशी गेला. दुसरा टाकलास, तो वर आला. बुडाला तो नकली, पॉलिएस्टरचा; तरंगतो तो अंबर, लाखो वर्षांपूर्वीच्या झाडाची राळ, असं तू म्हणालीस. आणि मी मागून मोठ्याने म्हणालो, पॉलिस्टायरीनसुद्धा तरंगतं.

मला राहवलं नाही. आयुष्यभर मी तेच बनवलं. पण शब्द तोंडातून गेल्यावर मला तुझा चेहरा दिसला आणि तू नववीत असताना विज्ञान मेळाव्यात मी परीक्षकांसमोर तुझा तक्ता दुरुस्त केला होता ते आठवलं. तेव्हा तू बाथरूममध्ये जाऊन बसली होतीस.

या वेळी तू थांबलीस. मग हसलीस. "हे गृहस्थ बरोबर सांगताहेत," म्हणालीस. "म्हणून आम्ही एका चाचणीवर विश्वास ठेवत नाही." तू खणातून तिसरा मणी काढलास. तोही तरंगला. मग तू तरंगणाऱ्या दोन्ही मण्यांवर ॲसिटोनचा एकेक थेंब सोडलास आणि पुढच्या बाईला बोट लावायला सांगितलंस. एक कोरडा होता. दुसऱ्याला तिचं बोट चिकटलं. "हा यांचा," माझ्याकडे हात करून तू म्हणालीस. "माझे वडील आहेत. यांनी हे एकतीस वर्षं बनवलंय. माफ करा त्यांना." सगळे हसले. मीही हसलो. एका म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर थोपटलं.

तो तिसरा मणी खणात तयार होता, उर्जा. तो तू माझ्यासाठी ठेवला नव्हतास. तू तो रोज दाखवतेस. मी मध्ये बोललो नसतो तर अर्ध्या मिनिटात तू तिथेच येणार होतीस. हे मला मागाहून कळलं.

मग तू दिवे मालवलेस आणि निळा दिवा लावलास. ज्याला मी सुकलेल्या डिंकाचा खडा समजलो होतो तो निळा पेटला. राळेच्या साखळ्या कशा जुळतात हे मला माहीत आहे. ते झाड आता जगात नाही, आणि त्या खड्यात अडकलेल्या वाळवीच्या पोटाशी दिसणारा बुडबुडा तिच्या आतड्यातला वायू आहे, हे मला माहीत नव्हतं. मी हात वर करून चार प्रश्न विचारले. पहिल्या दोहोंची उत्तरं तू दिलीस. तिसऱ्याला म्हणालीस, अजून कोणालाच माहीत नाही. चौथ्याला म्हणालीस, बाबा, बाकीच्यांनाही विचारू द्या. मी पुन्हा बाराच्या फेरीला उभा राहिलो. एकच्याही. तिन्ही वेळा तू वेगळं बोललीस, समोर कोण आहे ते पाहून. त्यानंतर जूनबद्दल बोलायची इच्छा राहिली नाही. जागेचं काय ते तू आणि प्रोफेसर ठरवा. तारीख तुला आता माहीत आहे.

आता शनिवारचं. मार्चमध्ये इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या सत्यजितचा फोन आला होता. महाराष्ट्र दिनाच्या स्मरणिकेत ते आपल्या मुलांच्या यशाचं पान काढतात, तुला माहीत आहे. तो म्हणाला, "उर्जाचं झालंच असेल ना एव्हाना?" मी हो म्हणालो. त्याने विषय विचारला, मी तोही सांगितला. तू कुठे आहेस हे लोक विचारायचे तेव्हा गेले चौदा महिने मी "फील्डवर्क" असं म्हणत होतो, त्यामुळे हे सोपं गेलं. काल स्मरणिका घरी आली. चौदाव्या पानावर तुझा फोटो, खाली डॉ. उर्जा. तुझ्या आईने ते नाव मोठ्याने वाचलं आणि मला विचारलं, "अहो, ही कोण?" शनिवारी तुझ्या वतीने मी स्टेजवर जाऊन शाल आणि श्रीफळ घ्यायचं, असं ठरलं आहे. मी सत्यजितला फोन करून खरं सांगितलं. तो म्हणाला, "काका, राहू द्या, कोण विचारणार आहे, पुढच्या वर्षी होईलच की." मी नाही म्हणालो. मी स्टेजवर जाणार आहे. शाल घेणार नाही. सांगणार आहे की छापलं ते खोटं आहे आणि ते मी सांगितलं होतं. माझ्या मुलीने पीएचडी सोडली, ती सांतो दोमिंगोच्या एका लहान संग्रहालयात लोकांना अंबर दाखवते, आणि मी तिच्या तीन फेऱ्यांना उभा होतो. कोणीतरी व्हिडिओ काढेल, तो तुझ्यापर्यंत येईल. त्याआधी हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. एवढं सांगितल्यावर लोक विचारतील, का सोडली. मी सांगेन, मला माहीत नाही, आणि ते खरं आहे. आठ दिवस मी प्रत्येक काचेपुढे थांबून काही ना काही विचारत होतो, आणि तुला हे विचारलं नाही. चौदा महिन्यांत एकदाही नाही. आता विचारतो. तू का सोडलीस? घाई नाही. जर्मनमध्ये लिहिलंस तरी चालेल. मी मध्ये बोलणार नाही.

तुझाच,
बाबा