जपानी रेकॉर्डींची आखाजी

मेहरूण, जळगाव
१८ एप्रिल १९८९

ती. अक्का,

झुंबर पाया पडते. मी बरी आहे. तुमचा गुडघाही बरा असेल असं धरून चालते, कारण दुखत असता तर कार्डात त्याचं नाव आल्याशिवाय राहिलं नसतं.

कार्ड परवा मिळालं. नेहमीसारख्या चार ओळी. उन्हं तापली, गल्लीतला चुडामण शुक्रवारी जीप घेऊन जळगावला येतोय, त्याच्याबरोबर जिवरामच्या पेट्या धाडून दे, कॅलेंडरात अक्षय्य तृतीया दिसतेय, आखाजी जवळ आली. वाचलं. मग कार्ड उलटं करून पत्त्याच्या बाजूलाही पाहिलं, काही लिहायचं राहून तिकडे लिहिलं असेल म्हणून. नव्हतं काही.

तर पेट्यांचं. दोन्ही भरून ठेवल्यात. हे होते तोवर मला रेकॉर्डींना हात लावू देत नव्हते. म्हणायचे, धुळीचा हात, तेलाचा हात आणि तुझा हात, तिन्ही लांब ठेव. आता माझाच हात उरला. प्रत्येक रेकॉर्ड उभी ठेवली, मधे जुन्या लुगड्याचे तुकडे घातले, आणि प्रत्येकीचा कागदी पट्टा जागेवर आहे ना ते पाहिलं. त्या पट्ट्यापायी आमचं काय भांडण झालं होतं, तुम्हाला यांनी तिखटमीठ लावून सांगितलंच असेल. तुमच्या निंबाने जहाजावरून पहिल्या रेकॉर्डी आणल्या, तेव्हा कव्हराच्या डाव्या अंगाला गुंडाळलेला तो जपानी अक्षरांचा कागद मला दुकानाची बांधणी वाटला. मी काढून चुलीत घातला. हे ताटावरून उठले. म्हणे, अगं, हा तिचा कमरपट्टा. कव्हर तर अमेरिकेतल्या जुन्या रेकॉर्डीसारखंच हुबेहूब छापलंय, जपानची म्हणून ओळखायची खूण एवढीच. नव्या नवरीचा कमरपट्टा तू चुलीत घातलास. दोन दिवस बोलले नाहीत.

मला तेव्हाही प्रश्न पडायचा आणि मी तो विचारायचेही, की वाजवणारे अमेरिकेतले, मग रेकॉर्ड जपानची कशाला? मग काय, भाषण. मूळच्या रेकॉर्डी तीस वर्षांच्या म्हाताऱ्या, दहा घरं फिरून झिजलेल्या. जपानी माणसाने त्याच जुन्या टेपवरून पुन्हा काढल्या, त्याही इतक्या जपून, की सुई टेकली तरी खरखर नाही. दोन सुरांच्या मधली शांतता ऐक, म्हणायचे. अक्का, तेवढ्या शांततेसाठी हा माणूस तुमच्या पोराला योकोहामाच्या गल्ल्यांतून हिंडवत होता, आणि घरात बायको गप्प बसली तर पेपर वाचत होता.

पण खोटं कशाला बोलू, छंद गोड होता त्यांचा. भुसावळच्या लोको शेडमध्ये नवे लागले तेव्हा रेल्वे इन्स्टिट्यूटच्या बाहेर उभं राहून आतला बँड ऐकायचे, तिथून हे जॅझचं वेड. नावं इंग्रजी, कागद जपानी, आणि हाक मारायला आपली खानदेशी नावं. तो रेंगाळत निघतो आणि मधेच उगाच थांबतो तो ‘भुसावळ पॅसेंजर’. ढोल बडवणारा ‘शिमगा’. आणि ज्यात तो सॅक्सोफोनवाला रडायला येतं तसा थांबतो आणि काही झालंच नाही असं पुढे वाजवतो, ती ‘सासुरवाशीण’. हे नाव तुम्ही ठेवलंत असं म्हणायचे. तुम्हीच ठेवलं असणार, यांना कुठलं सुचायला.

पेट्या तुमच्याकडे न्यायची पद्धत कशी पडली तेही आज भरताना आठवलं. पहिल्या उन्हाळ्यात आमच्या या स्लॅबखाली दोन रेकॉर्डी अशा वाकल्या, की त्यांत वरण वाढलं असतं. हे बसले डोक्याला हात लावून. मग म्हणाले, अक्काचं धाब्याचं घर, मातीचं छप्पर, हातभर जाड भिंती, वैशाखातही गार. शिवाय निंबाच्या हातून पहिल्यांदा उतरल्या त्या धुळ्यातच, म्हणजे त्यांचं माहेरच ते. आखाजीला पोरी माहेरी जातात, मग ह्यांनी काय पाप केलंय? एस.टी.त पेट्यांचं वेगळं तिकीट काढायचे. आणि तुम्ही तरी कमी का? पहिल्या वर्षी पेटी उघडून चक्क रेकॉर्डीला कुंकू लावलंत, वर गव्हाने ओटी भरलीत. पुढे महिनाभर हे ब्रशने दाणे काढत होते आणि हसत होते. रागावले नाहीत, बघा. तुमच्यावर कधीच रागावायचे नाहीत.

पंधरा दिवस तुमच्याकडे राहायचे. पेट्या तिथेच ठेवून परत यायचे, आणि पोळा झाला की जाऊन आणायचे. त्या दिवसांत मी माझ्या माहेरी, यावलकडे. केळीच्या बागेच्या बांधावर कडुनिंबाच्या झाडाला झोका, तोतारामभाऊ स्वतः दोर बांधायचा. तो गेला तशी ती वाट मोडली. भाचे वाईट नाहीत हो. पण आत्याला आखाजीचं बोलावणं धाडायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. मग मी इथेच राहू लागले. हे विचारायचे, येतेस का धुळ्याला? पण कधी विचारायचे, तर पिशवी खांद्याला अडकवल्यावर. मी म्हणायचे, घर कोण बघणार? घराला काय बघायचं असतं, अक्का.

पौषात हे गेले, तुम्ही तेरा दिवस इथे होतात, मला जेवू घातलंत, ते मी विसरणार नाही. तुम्ही गेल्यावर काय झालं ते मात्र कुणाला सांगितलेलं नाही. घरात इतकं गप्प झालं की मला सहन होईना. मी हात धुतले, पदराला पुसले आणि ‘पॅसेंजर’ लावली. मग रोजच लावू लागले. आयुष्यभर मी म्हटलं, हे काय वाजवतात, मला ओ की ठो कळत नाही. कळायचं, अक्का. स्वयंपाकघरातून सगळं कळायचं. कुठे कर्णेवाला शिरणार ते मला पोळी लाटता लाटता ठाऊक असायचं. पण यांना सांगितलं असतं तर रोज भाषण ऐकावं लागलं असतं, म्हणून गप्प बसले. आता वाटतं, ऐकलं असतं भाषण.

अजून एक आहे. फाल्गुनात निंबाचं पार्सल आलं. त्याला तार पोचायच्या आधीच टाकलेलं. आत हे कितीतरी वर्षं शोधायला सांगत होते ती रेकॉर्ड. सोबत चिठ्ठी, मामा, आता इथल्या दुकानांत चांदीच्या छोट्या चकत्या आल्यात, मोठ्या रेकॉर्डी कोपऱ्यात ढकलल्यात, ही तिथे सापडली. पट्टा कोरा करकरीत. मी उघडलेली नाही. नवी रेकॉर्ड पहिल्यांदा वाजायची ती धुळ्यात, तुम्ही दोघं बसून, हा तुमचा नेम. लुगड्यांच्या कपाटात ठेवलीय, तिथे गारवा आहे.

शेजारच्या यशोदाबाई म्हणतात, यंदा घरचा माणूस गेलाय, आखाजीला त्यांच्या नावाची घागर तुमच्याच घरात भरली पाहिजे, वर डांगर ठेवून, सांजोरीचा नैवेद्य दाखवून. वर्षाच्या आत घराला कुलूप घालून कुठे जायचं नसतं. आम्हाला मूल नाही, मीच भरणार. मी भरीन. पाणी भरीन, डांगर आणीन, आणि मग एकटीच्या सांजोऱ्या एकटी खात बसेन.

अक्का, मी पेट्या धाडत नाहीय. चुडामण शुक्रवारी आला की चहा देईन आणि रिकामा परत पाठवीन. तो पेट्या आडव्या टाकेल, हे कारण सांगणार होते. खरं कारण ते नाही. तुमच्या कार्डात पेट्यांना बोलावणं आहे, मला नाही. नवऱ्याने पिशवी उचलता उचलता विचारलं तर ते बोलावणं होत नाही, ते घरच्या बाईने करायचं असतं. मला कुणीच आखाजीला बोलावत नाही हो. मी पंचावन्न वर्षांची बाई, हे लिहिताना लाज वाटतेय, पण लिहिते. मला बोलवा. नसेल बोलवायचं तर तसं लिहा, म्हणजे पेट्या मी स्वतः आणून दारात ठेवीन आणि त्याच एस.टी.ने परत फिरेन.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली
तुमची भावजय,
झुंबर


धुळे
२३ एप्रिल १९८९

झुंबर,

तुनं पत्र मिळनं. बठ्ठं वाचं. पुढचं शाळेतल्या मराठीत लिहिते, नाहीतर म्हणशील, नणंदेला चार ओळींच्या पुढे येत नाही.

शुक्रवारी चुडामणची जीप दारात आली. मी पुढे पाहिलं, मागे वाकून पाहिलं. तो म्हणाला, पेट्या दिल्या नाहीत. मी पेट्या शोधतच नव्हते बाई.

‘तू ये’ असं लिहायला मी कार्ड घेतलं होतं. लिहवेना. इतकी वर्षं ऐन आखाजीत तुझा नवरा मी माझ्या ओसरीवर बसवून ठेवला. तू तोंडाने कधी बोलली नाहीस, पण मला वाटायचं तू मनात धरून आहेस. आता तो नाही, तर कोणत्या तोंडाने तुला बोलावू? म्हटलं, पेट्या मागू. पेट्या एकट्या काही ती सोडणार नाही, मागोमाग येईल. तुझी नणंद एवढीच हुशार.

यशोदाबाईला माझा नमस्कार सांग आणि हेही सांग. घागर कुणासाठी भरायची? जिवराम पाणी प्यायला येतो म्हणून. जिवराम आखाजीला कुठे असायचा? माझ्याकडे. एक आखाजी त्याने मेहरूणला काढली नाही. तुझ्या घागरीला तिथे कोण येणार आहे? तो सरळ सवयीने इथे येईल आणि बायको नाही म्हणून तहानलेला परत जाईल. त्याची घागर इथे भरायची, तुझ्या हाताने. डांगर मी निवडून आणते, सांजोऱ्या तू कर.

आता एक सांगते, ते जिवरामला आणि मलाच ठाऊक होतं. मला ऐकू येत नाही. एक कान कधीचा गेला, दुसराही गेली तीन वर्षं गेलाच म्हण. तेरा दिवस तुझ्याकडे होते, तेव्हा तुला वाटलं असेल अक्का दुःखाने गप्प झाली. दुःख होतंच, पण लोक बोलायचे ते मला कळतही नव्हतं. जिवराम रेकॉर्ड लावायचा आणि माझ्या समोर बसून तोंड हलवून एकेक सांगायचा. आता पियानोवाला एकटाच आहे. आता मागून ढोलवाला हळूच आला. आता कर्णेवाला शिरला, पण भीतभीत. मी त्याच्या तोंडाकडे बघायची. ‘सासुरवाशीण’ हे नाव मी ठेवलं ते ऐकून नव्हे. तेव्हा त्याचा चेहरा जसा झाला होता, त्यावरून ठेवलं.

ती नवी रेकॉर्ड घेऊन ये. तिच्यात काय आहे ते मला आता तुझ्याशिवाय कोण सांगणार? कुठे कोण शिरतो ते तुला कळतं, तूच लिहिलंस. लावायची तू, समोर बसायचं तू, सांगायचंही तू. सावकाश सांग, घाई करू नको. रडू आलं तर थांबायचं आणि पुढे सांगायचं.

आणि आखाजीला पोरगी आपली आपण येत नाही, तिला घ्यायला माहेरचा मुराळी जातो. माझ्याकडे पाठवायला दुसरं कुणी नाही, निंबा समुद्रात आहे. म्हणून शनिवारी सकाळच्या एस.टी.ने मीच येतेय. दारात आल्यावर हाका मारू नको, मला कळणार नाहीत. कुलूप हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहा.

तुझं माहेर,
भागाबाई