कुसुम आज रागावली

नगर, सोमवार, १८ जानेवारी १९७१

कुसुम आज माझ्यावर रागावली, आणि मला केवढं हायसं वाटतंय!

दिवाळीच्या आधी आमचं बाळ गेलं, जन्मल्या दिवशीच. तेव्हापासून ती रागावली नाही की रडली नाही. विचारलं तेवढंच बोलायची, रात्रभर आढ्याकडे बघत पडायची. डॉक्टर म्हणाले, "रोज संध्याकाळी दोघं चालायला जा. जेवायलाही एकत्रच बसा." मला रागच आला होता. एवढ्या दुःखावर चालणं हा काय इलाज? तरी कचेरी सुटली की तिला घेऊन किल्ल्यापर्यंत जायचो. ती मागे, मान खाली घालून.

आज थंडी होती म्हणून मी भराभर निघालो. मागून आवाज आला, "अहो, लई पळताय! शर्यत हाय का?"

लई! तिच्या माहेरचा, तिसगावचा शब्द. इथं आल्यापासून चिडली तरच तोंडात यायचा. मी थांबलो. ती धापा टाकत आली, चांगलीच तापलेली. मग एकदम आवाज उतरला.

"मी त्याला मांडीवर घेतलं होतं ना हो? थोडा वेळ तरी?"

"घेतलं होतंस. मी बघितलंय."

रस्त्याकडेच्या दगडावर बसून ती खूप रडली. मी घाबरलो. उगाच बोललो का? पण घरी येऊन तिनं आपणहून पिठलं टाकलं. तिखट लई झालं होतं. (मीही लई लिहायला लागलो!) दोघांनी नाक पुसत खाल्लं.

ताटं उचलताना म्हणाली, "उद्या माझ्या बरोबरीनं चालायचं. पुढं नाही."