भूपाळीतला खोकला

रायपूर, गुरुवार, एकादशी. दिवेलागण.

सासूबाई गेल्यावर त्यांच्या आवाजातल्या भूपाळ्या तेवढ्या उरल्या होत्या. आज त्याही गेल्या. ज्या ॲपवर ठेवल्या होत्या, ते कंपनीनं बंद केलं. फोनमधली जागा वाचावी म्हणून मूळ रेकॉर्डिंग मीच पुसलं होतं. काटकसर माझी!

माझी पोट्टी वर्षभर सांगून राहिली होती, मुक्त सॉफ्टवेअर वापर, सगळं आपल्याच घरच्या कॉम्प्युटरवर राहील, कोणी बंद करणार नाही. मी म्हटलं, "सारी कॉलनी याच ॲपवर आहे, मलेच काहून वेगळं?" आज ती रागावलीसुद्धा नाही. "मम्मी, अब कुछ नहीं हो सकता."

तिसऱ्या कडव्यात सासूबाई खोकायच्या. तेवढं कापून दे, म्हणून मीच पोट्टीच्या मागे लागले होते.

पहाटे देवापुढे भूपाळी म्हणेन, पाठ आहे. तो खोकला कुठून आणू?