अधांतरी रूळ

शनिवार, ६ डिसेंबर

रूळ हवेत लोंबकळताहेत! खाली काहीच नाही. वादळात भराव वाहून गेला, रूळ मात्र स्लीपरांसकट जागच्या जागी — या काठापासून त्या काठापर्यंत, शिडी आडवी टांगावी तसे. वाऱ्याने किंचित हलत होते. लोखंड, आणि हलत होतं!

आम्ही तिघंच वर पोचू शकलो — इद्वल, ग्विलिम आणि मी. रेल्वे टूरिस्टांची, राबणारे आम्ही सगळे हौशी; इद्वल रूळ सांभाळणाऱ्या आमच्या गँगचे मुकादम. आयुष्यभर बस चालवली, त्यांना गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आज टोपी काढून हातात धरली त्यांनी. ग्विलिम म्हणाला, "स्लीपर मोजू का?" शाळेत गणित शिकवायचा, घाबरला की मोजत सुटतो.

"मोज बाबा," इद्वल म्हणाले. "पण वर चढून मोजू नकोस."

घाबरायला हवं होतं मी. रडायला तरी. दर शनिवारी खडी ठोकून ठोकून माझे खांदे गेलेत त्या तुकड्यावर. पण खरं सांगायचं तर — इतकं देखणं काही मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. हे कुणाला बोलायचं नाही.

रविवार, ७ डिसेंबर

डोळे मिटले की ती शिडी हलते.

बुधवार, १० डिसेंबर

समितीची बैठक, खालच्या स्टेशनच्या चहाच्या खोलीत. खजिनदार म्हणे गाडी यापुढे मधल्या रिडवेन स्टेशनपर्यंतच न्यावी, पेनगार्थचा वरचा तुकडा सोडून द्यावा. "तसंही वर उतरतं कोण? टूरिस्ट फोटो काढतात आणि त्याच गाडीने परततात."

मी उतरते! पेनगार्थलाच राहते. चाळीस वर्षं तिथल्या बायकांचे केस कापलेत.

इद्वल उठले. "गावापर्यंत जात नसेल तर त्याला रेल्वे कशाला म्हणता? कुंपण म्हणा, मेंढ्या अडवायला बरं!" हशा पिकला, पण खजिनदार हसले नाहीत. शेवटी ठरलं ते असं: जानेवारीत बाहेरची इंजिनिअर बोलवायची. ती नाही म्हणाली तर विषय संपला.

घरी येताना ग्विलिम त्याच्या मोटारीत म्हणाला, "ती नाहीच म्हणणार, नेरिस. मीही नाहीच म्हटलं असतं." मी उतरताना मुद्दाम दार आपटलं.

शनिवार, १० जानेवारी

हे नीट लिहायला हवं.

इंजिनिअर आली. मार्गेड तिचं नाव. गुलाबी लोकरीची टोपी, पोरसवदा चेहरा, बोलणं मोजकंच. आम्ही सकाळपासून फावड्यांनी गाळ उपसत होतो. भरावाच्या पोटात, अगदी तळाला, दगडी कमान निघाली. ओढ्याचं पाणी रुळांखालून न्यायची जुनी मोरी! ती तिथे आहे हे नकाशावरून माहीत होतं, पण आमच्यापैकी कुणी आत डोकावलं नव्हतं. वरच्या अंगाला ॲशचं अख्खं झाड उन्मळून तिच्या तोंडात बसलेलं. त्यानेच पाणी अडलं, तुंबलं आणि भरावावरून उतरलं.

झाड ओढून काढलं. ओढा बाजूला वळवला. मार्गेड कमरेला दोर बांधून सरपटत आत गेली. दोराचं टोक इद्वलच्या हातात. दोर सरकायचा थांबला. इद्वलनी हाक मारली, "पोरी, आहेस ना?"

आतून आवाज आला, "तुमच्यातलं कुणी बारीक आहे का? आत या. हे पाहायलाच हवं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वय वर्षे बासष्ट, पण बारीक!

आत गेले. कोपरं चिखलात, टॉर्च दातात. आणि मग — दगड. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडाला दगड टेकवलेले. जवळजवळ दोनशे वर्षं वरून गाड्या गेल्या, परवा अख्खी नदी गेली, आणि एक दगड हललेला नाही. सांध्यात नखसुद्धा जाईना! मार्गेडने प्रकाश वर धरला. कमानीखालच्या कोरड्या दगडात एक छोटा कोनाडा कोरलेला होता, आणि त्याच्या वर काळा डाग.

"मेणबत्ती," ती कुजबुजली. देवळात बोलावं तसं. "गवंड्याची. त्याच उजेडात बांधलंय हे. लावा हात."

मी बोट लावलं. बोट काळं झालं.

माझ्या आजोबांचा आजोबा जन्मायच्या आधी कुणीतरी इथे गुडघ्यांवर बसलं होतं. काम झालं, फुंकर मारली, घरी जेवायला गेलं. त्यानंतर त्या काजळीला हात लागला तो माझा. मी तिथेच पडून राहिले. थंडी कळेना.

बाहेर आले तर इद्वल विचारताहेत, काय आहे आत? मला बोलताच येईना. ग्विलिम म्हणाला, "चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचे कान खाल्लेस, आणि आज वाचा बसली?" मी त्याला ते काळं बोट दाखवलं.

मार्गेडचा निकाल: मोरी ठणठणीत आहे. तिच्यावर नवा भराव घाला, पायथ्याला मोठे दगड बसवा, चालेल. समितीने एप्रिलमधल्या ईस्टरपर्यंत मुदत दिली. तोवर जमलं नाही तर गाडी रिडवेनपर्यंतच!

शनिवार, ७ फेब्रुवारी

गारा. तरीही माणसं आली! आमची नेहमीची डझनभर माणसांची गँग, पण आज कुंपणापलीकडे गाड्यांची रांग. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन, चॅपलच्या बायका काउलच्या रश्शाचं मोठं पातेलं घेऊन — मटण, गाजर, लीक, वर वाफ. नव्या माणसांपैकी कुणाला पहार धरता येत नव्हती. इद्वल सांगत होते, "पाठीने नाही, गुडघ्यांनी उचला! पाठ एकच मिळते, बाई!"

दुपारी एक रूळ जॅकवरून घसरला. ग्विलिमच्या बुटाच्या टोकाशी पडला — टोकाशीच! इद्वल धावले आणि धावता धावता छाती धरून खडीवर बसले. तोंड राखाडी. मी त्यांच्या गळ्याचं बटण सोडलं.

"हार्ट नाही," म्हणाले, "दम आहे नुसता."

"डॉक्टर आहात का तुम्ही?"

"बस ड्रायव्हर आहे. इंजिनचा आवाज कळतो मला."

त्यांची लेक येऊन घेऊन गेली. म्हणाली, आता पुरे, बाबा.

शनिवार, १४ फेब्रुवारी

इद्वल आले! सोबत घडीची खुर्ची. लेकीशी तह झाला म्हणे: बसायचं, ओरडायचं, उचलायचं काही नाही. ओरडणं आधीसारखंच.

रविवार, १ मार्च

ओढा परत मोरीत सोडला. वरच्या तोंडाशी ग्विलिम, खालच्या तोंडाशी मी. पाणी आत गेलं… आणि येईना. येईना! मग आधी एक वाळकं पान बाहेर आलं, मग पाणी. स्वच्छ, चिखलाचा लवलेश नाही. ग्विलिम वरून ओरडला, "आलं का?" मी नुसता हात हलवला. त्याला दिसला नाही. बिचारा ओरडतच राहिला.

शनिवार, २१ मार्च

रूळ बसले. दिवसभर खडी ठोकली. पोकळ असतो तोवर स्लीपर ढब् वाजतो, भरला की ठक्. इद्वल खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. "अजून एक हात." आम्ही ठोकलं. "अजून." ठोकलं. मग ठक्! ते हसले.

शनिवार, २८ मार्च

इंजिन गेलं. माणूस चालेल त्या वेगाने, शिट्टी न वाजवता. आम्ही सगळे खाली कुरणात, माना वर करून. स्लीपर जरासे दबले आणि चाक पुढे सरकताच वर आले, छातीसारखे. इतकं मोठं धूड, आणि आमच्या हातांनी ठोकलेल्या खडीवर! खजिनदारांनी इद्वलचा हात हातात घेतला आणि सोडेचनात.

ग्विलिम म्हणाला, "लोक वरून आइस्क्रीम खात जातील. खाली मोरी आहे हे कुणाला कळणार?"

"कळलं तर समज आपलं काम बिघडलं," इद्वल म्हणाले.

मंगळवार, ३१ मार्च

परवापासून पाऊस. आज पहाटे पेनगार्थखालचा रस्त्याचा पूल गेला. गाव तुटलं. फोन येताच रेनकोट चढवून भरावाकडे पळाले — दगड न् दगड जागेवर, मोरीतून पाणी धो धो चाललेलं.

नऊला आमची गाडी वर आली. दोन डबे. डॉक्टर उतरली, ऑक्सिजनच्या नळ्या उतरल्या, पावाचे ट्रे उतरले. परतीला डायलिसिसचे दोघे, नववा महिना भरलेली केरिस, आणि शिक्षकांबरोबर शाळेची मुलं. मी दार धरून उभी होते.

कुणीही फोटो काढला नाही.